गाडीची लय उजव्या हातात: गिटारवर ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ कसं बसवायचं

वर्धा रोडवरून अजनीकडे जाताना सेंट्रल जेलची ती लांबच लांब भिंत लागते ना, तिथं एकदा रात्री साडेदहाच्या सुमारास माझी गाडी पंक्चर झाली, ढकलत ढकलत चाललो होतो आणि अजनीच्या बाजूनं रेल्वेचा लांब हॉर्न ऐकू आला. आपण नागपूरकर दिवसातून किती वेळा हा हॉर्न ऐकतो, लक्षही जात नाही. पण त्या भिंतीजवळ उभं राहून ऐकला तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की आतल्या माणसालाही हाच आवाज येत असेल, आणि त्याला तो कसा वाटत असेल. घरी आलो, गिटार काढली, आणि जे गाणं मी दोन महिन्यांपासून चुकीचं वाजवून राहिलो होतो ते त्या रात्री थोडंसं बरोबर वाजलं.

गाणं म्हणजे अमेरिकन गायक जॉनी कॅशचं ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’. कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत, शिकायचं असेल तर माझं म्हणणं आहे याच्यापासूनच सुरुवात करा. फॉल्सम हे कॅलिफोर्नियातलं जेल आहे, गाणं एका कैद्याचं आहे, त्याला आतून रेल्वेगाडी जाताना ऐकू येते, गाडीतले लोक मजेत कॉफी पित असतील असं त्याला वाटत राहते आणि आपण मात्र इथंच. बस एवढंच गाणं. कॅश तेव्हा अमेरिकन एअर फोर्समध्ये होता, जर्मनीत पोस्टिंग होतं, तिथं त्यानं या जेलवरचा एक सिनेमा पाहिला आणि त्यातून हे सुचलं. रेकॉर्डिंग झालं १९५५ मध्ये, मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. त्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रम नाहीत. तीनच माणसं होती, कॅश स्वतः अकूस्टिक गिटारवर, ल्यूथर पर्किन्स इलेक्ट्रिक गिटारवर आणि मार्शल ग्रँट उभ्या बासवर. ड्रमवाला नव्हता म्हणून कॅश आपल्या गिटारच्या तारांमध्ये कागद सरकवून वाजवायचा, त्यानं तार खणखणत नाही, कोरडा ‘चिक’ असा आवाज येते, स्नेअर ड्रमसारखा. म्हणजे गाण्यात जी गाडी धावते ती गिटारवाल्याच्या उजव्या हातानं धावते. आपल्याकडे मात्र गाणं शिकायचं म्हटलं की सगळे पोट्टे आधी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, शोधतात, कॉर्ड सापडले, बोटं बसली, की झालं गाणं. मीही तेच केलं. दोन महिने तीन कॉर्ड अगदी स्वच्छ वाजत होते आणि गाणं काही केल्या ते गाणं वाटत नव्हतं, काहून तर उजवा हात नुसता वर-खाली वर-खाली, जसा कोणत्याही गाण्याला करतो तसा. या गाण्यात डाव्या हाताचं काम थोडं आहे, सगळं उजव्या हाताचं आहे. म्हणून मी उलट्या क्रमानं सांगतो.

पहिला आठवडा कॉर्ड धरूच नका. डावा हात तारांवर नुसता आडवा ठेवा, दाबायचं नाही, सगळ्या तारा बंद झाल्या पाहिजेत. उजव्या हाताच्या तळव्याची कड, म्हणजे करंगळीखालचा मांसल भाग, ब्रिजवर टेकवा, जिथं तारा गिटारच्या अंगात शिरतात तिथं. पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, फार जाड नको फार पातळ नको, पाऊण मिलिमीटरच्या आसपासचं घ्या. आता पिकनं फक्त सहावी तार वाजवा, सर्वात जाड ती, एकदाच, खाली. हा ‘बूम’. मग खालच्या तीन पातळ तारांवरून झटक्यात खाली, हा ‘चि’, आणि लगेच वर येताना हलकंसं त्याच तारांना पुसून, हा ‘का’. बूम-चिका, बूम-चिका. एका बारमध्ये, म्हणजे चार ठोक्यांच्या एका फेरीत, असे दोन. चार मोजायचे, एकवर बूम, दोनवर चिका, तीनवर बूम, चारवर चिका. ज्याच्या कानात केहरवा बसलेला आहे, भजनात बसून टाळ वाजवलेला आहे, त्याला हे चार-चारचं चालणं शिकवावं लागत नाही, फक्त जोर कुठं द्यायचा ते बदलायचं, टाळात आपण पहिल्या ठोक्याला जोर देतो, इथं जोर ‘चि’वर आहे, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला. ‘बूम’ गोल आणि भरीव, ‘चि’ तुटक, ‘का’ जवळजवळ नाहीच. तिन्ही सारख्या जोरानं वाजले की गाडी मरते.

हे ऐकायचं असेल तर मोहन नगरकडे जिथं डायमंड क्रॉसिंग आहे, हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नईच्या लाइनी जिथं एकमेकींना छेदतात, तिकडून मालगाडी जाताना ऐका. आजकाल रूळ वेल्डिंग करून सलग जोडलेले असतात, त्यामुळे आपल्या लहानपणी जो धडक-धडक आवाज यायचा तो बाकी ठिकाणी कमी झाला आहे, पण क्रॉसिंगवर रुळात फट ठेवावीच लागते, तिथं चाक खटकतेच. डबा आला, दोन खटके, मधे थोडी जागा, परत दोन खटके. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐकत होतो (लांब उभं राहून, रुळांजवळ जायचं नाही). मालगाडीचं एक असते, ती घाई करत नाही. पन्नास डबे जाईपर्यंत एकाच चालीनं जाते. तुमचा हात तसा चालला पाहिजे, सलग पाच मिनिटं, न वाढता न थकता. मेट्रोनोमचं, म्हणजे टिकटिक करून लय देणारं, ॲप फुकट मिळते, मिनिटाला साठवर लावा. साठवर पाच मिनिटं सरळ जमली की सत्तर, मग ऐंशी. मूळ गाणं शंभरच्या थोडं वर आहे, तिथं जायची घाई नको. आणि कोपरातून हात हलवू नका, मनगटातून हलवा, कोपरातून वाजवणाऱ्याचा खांदा तिसऱ्या मिनिटाला भरून येते.

पायानं ठेका धरा. चप्पल काढून, फरशीवर टाच टेकलेली आणि पंजा आपटायचा, एक आणि तीनवर. हे ऐकायला फालतू वाटते पण पुढं गाताना पाय हाच तुम्हाला वाचवते.

आता कॉर्ड. ई, ए आणि बी-सेव्हन. एफ नाही, बार कॉर्ड (एकाच बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायच्या तो) नाही, ज्या एफपायी अर्धी जनता गिटार सोडून देते तो इथं येतच नाही.

फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेली घरं. ई मध्ये पहिलं बोट (तर्जनी) तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्यावर, अनामिका चौथ्या तारेच्या दुसऱ्यावर. ए मध्ये चौथी, तिसरी, दुसरी अशा तिन्ही तारा दुसऱ्या फ्रेटवर दाबायच्या, बोटांची गर्दी होते, होऊ द्या, हळूहळू जागा होते. बी-सेव्हन पाहून लोक घाबरतात पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, ई मधून बी-सेव्हनला जाताना मधलं बोट उचलायचंच नाही. ते पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आहे तिथंच राहू द्या. पहिलं बोट तिसऱ्या तारेवरून चौथ्या तारेवर, पहिल्याच फ्रेटला. अनामिका चौथ्यावरून तिसऱ्यावर, दुसऱ्याच फ्रेटला. म्हणजे दोघांनी फक्त तारांची अदलाबदल केली. आणि करंगळी पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर टाकली. झालं. मधलं बोट खुंट्यासारखं गाडलेलं ठेवा आणि बाकीची बोटं त्याच्याभोवती फिरवा, मी हे रोज पन्नास वेळा, टीव्ही पाहता पाहता, नुसतं डाव्या हातानं करत होतो, चार दिवसांत बसलं.

चौथा छोटासा आहे, ई-सेव्हन. ई धरा आणि अनामिका उचला. बस. हा कुठं लागते ते सांगतो.

गाण्याचा एक अंतरा बारा बारचा आहे, ब्लूज नावाच्या अमेरिकन गाण्याच्या प्रकारात असते तसा. पहिले चार बार ई, त्यातला चौथा ई-सेव्हन केला तर ए ला जायची ओढ तयार होते. मग दोन बार ए, दोन बार ई. मग दोन बार बी-सेव्हन, दोन बार ई. परत पहिल्यापासून. असा लिहून भिंतीला चिकटवा:

ई – ई – ई – ई-सेव्हन
ए – ए – ई – ई
बी-सेव्हन – बी-सेव्हन – ई – ई

ज्यांनी आधी थोडं ब्लूज वाजवलं आहे त्यांच्यासाठी एक इशारा, दहाव्या बारला हात आपोआप ए कडे जाईल, जाऊ देऊ नका. इथं बी-सेव्हनवरच थांबायचं आहे दोन्ही बार. त्या दोन बारांत गाडी दूर दूर जात असते आणि कैदी ऐकत असते, मधेच ए टाकला की ते दूर जाणं तुटते.

आणि जिथं ‘ई – ई’ असे दोन बार मोकळे आहेत, दुसऱ्या ओळीच्या शेवटी, तिथं शब्द संपलेले असतात, फक्त शेवटचा स्वर ताणलेला आणि गिटार चालू. नवीन माणूस तिथं घाबरते, त्याला वाटते काहीतरी राहिलं, तो लवकर पुढच्या ओळीत शिरते. मोजा. पूर्ण मोजा. गाण्यात वेळ सरत नाही असं तो म्हणते तेव्हा वेळ खरंच सरला नाही पाहिजे.

आता बासची तार. ‘बूम’ दरवेळी एकाच तारेवर मारला तर कंटाळवाणा होते, म्हणून दोन तारांत झुलवायचा. ई वर पहिला बूम सहाव्या तारेवर, दुसरा पाचव्या तारेवर, तिथं मधलं बोट दाबलेलंच आहे. ए वर पहिला पाचव्या मोकळ्या तारेवर, दुसरा सहाव्या मोकळ्या तारेवर. बी-सेव्हनवर पहिला पाचव्या तारेवर, दुसऱ्यासाठी ते खुंट्यासारखं मधलं बोट उचलून सहाव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर न्यायचं आणि लगेच परत पाचव्यावर आणायचं. हो, आत्ताच म्हटलं उचलू नका. आधी न उचलता शिका, दोनेक आठवड्यांनी उचला. सुरुवातीला बी-सेव्हनला दोन्ही बूम पाचव्याच तारेवर मारले तरी कोणाचं काही बिघडत नाही.

हे बसलं की बास चालवायचा, म्हणजे एका कॉर्डवरून दुसऱ्यावर पायरी पायरीनं जायचं. ई वरून ए ला जाताना शेवटच्या बारमध्ये चिका सोडून द्या आणि सहाव्या तारेवर मोकळी, दुसरा फ्रेट, चौथा फ्रेट असं चढा आणि ए च्या पाचव्या मोकळ्या तारेवर उतरा. परत येताना तेच उलटं. ई वरून बी-सेव्हनला पाचव्या तारेवर मोकळी, पहिला, दुसरा. हे तीन-तीन सूर म्हणजे गाडी सांधा बदलते तसं आहे, रूळ बदलला पण चाल नाही बदलली. याच जागी बहुतेकांचा वेग अडखळते, काहून तर डोकं बोटांकडे जाते आणि पाय थांबते. पाय चालू ठेवा, सूर चुकला तर चुकू द्या.

सुरुवातीचा जो ल्यूथर पर्किन्सचा तुकडा आहे तो सगळ्यांना आधी शिकायचा असते. मी म्हणतो शेवटी शिका. मी स्वतः त्या चार सेकंदांच्या मागं तीन आठवडे घालवले आणि तो संपल्यावर पुढं वाजवायला माझ्याकडे गाणंच नव्हतं. तोपर्यंत सुरुवातीला हे वाजवा, त्याचं नाही, पण दार उघडायला पुरते: पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट, पाचवी मोकळी, सहाव्या तारेचा चौथा, दुसरा, मोकळी. पाच सूर खाली उतरत आले, सहाव्या तारेवर आलात की तिथूनच बूम-चिका सुरू. पुढं ल्यूथरचं ऐकाल तेव्हा एक लक्षात घ्या, तो माणूस फार कमी सूर वाजवायचा, पण प्रत्येक सूर जागेवर. वेगात बोटं फिरवणारे खूप आहेत, असं थांबून वाजवणं अवघड आहे, मला तरी ते जास्त आवडते.

कागदाचं राहिलं. वहीचं एक पान घ्या, लांबट घडी घाला, दोन बोटं रुंद, आणि तारांमधून विणल्यासारखं सरकवा, एका तारेखालून, दुसरीवरून, तिसरीखालून असं. साउंडहोलच्या, म्हणजे गिटारच्या गोल भोकाच्या मागं, ब्रिजच्या थोडं पुढं. फार गुळगुळीत कागद घसरते, साधं वहीचं पान बरं. पहिल्यांदा हे करून बूम-चिका वाजवलं तेव्हा मी खरंच एकटाच हसलो, इतका तो आवाज त्या जुन्या रेकॉर्डसारखा येते. पण यानं तळव्याची सवय मोडू नका, तळवा टेकवून म्यूट करणं आलंच पाहिजे, कागद नंतरची मजा.

गाण्याबद्दल. कॅशचा आवाज खूप खालचा होता, सगळ्यांना तो पट्टा झेपत नाही. कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, घ्या आणि तिसऱ्या फ्रेटवर लावून पाहा, नाही तर पाचव्या, कॉर्डचे आकार तेच राहतात फक्त सूर वर जाते. बहिणी-मैत्रिणींना पाचवा-सातवा बहुतेक सोयीचा जाते. मूळ रेकॉर्डिंगसोबत वाजवायचं असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि कानानं जुळवा.

वाजवता वाजवता गाणं ही वेगळी कसरत आहे. माझा उपाय असा, आधी गाऊच नका, बोला. बूम-चिका चालू ठेवा आणि घरातल्यांशी गप्पा मारा. आमच्या घरी आई स्वयंपाकघरातून विचारायची, “काय रे, कूलरमध्ये पाणी टाकलं का?” आणि मी हात न थांबवता उत्तर द्यायचा. सुरुवातीला ‘हो’ म्हणतानाही लय अडखळायची. दहा-बारा दिवसांनी मी तिच्याशी सकाळच्या सावजीच्या रश्श्यावर पूर्ण चर्चा करू शकत होतो आणि हात आपला चालूच. त्यानंतर इंग्रजी शब्द टाकले तर ते सहज बसले. शब्द पाठ करताना अर्थासकट करा, उच्चाराची नक्कल करू नका, अमेरिकन होऊन गायची गरज नाही.

आणि एक ओळ आहे, ज्यात तो सांगते की रेनो शहरात आपण एका माणसाला मारलं, केवळ तो मरताना पाहायला. ही ओळ पोरं फार छाती फुगवून गातात. त्याचं कारणही आहे, १३ जानेवारी १९६८ ला कॅशनं खरोखर फॉल्सम जेलमध्ये कैद्यांपुढं कार्यक्रम केला, त्याचा अल्बम प्रचंड गाजला, आणि त्यात या ओळीनंतर जोरदार जल्लोष ऐकू येते. पण तो जल्लोष नंतर स्टुडिओत जोडलेला आहे. समोर बसलेले कैदी त्या ओळीला ओरडले नव्हते, आजूबाजूला पहारेकरी होते. मला हे कळलं तेव्हापासून मी ती ओळ एकदम सपाट गातो, जशी माणूस कोर्टात आपलं नाव सांगते तशी. गाण्यात पश्चात्ताप आहे, आईची आठवण आहे, त्यात बढाई बसत नाही. १९६८ चं रेकॉर्डिंग वेगात आहे, तिथं ड्रमही आहेत, ऐका जरूर, पण शिकताना १९५५ चं धरा.

थोडं आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल, कारण बाहेरचे व्हिडिओवाले हे सांगत नाहीत. गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, बाहेर हवा एकदम कोरडी, आणि घरात कूलर चालू असला की त्याच खोलीत भरपूर ओल. दिवसा कोरडं, रात्री ओलं, परत दिवसा कोरडं, असं चालू राहिलं की लाकूड फुगते आणि आकसते, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात, बोटं दुखायला लागतात आणि आपल्याला वाटते आपणच कमी पडून राहिलो. माझ्या पहिल्या गिटारची मान एका उन्हाळ्यात अशी वाकली. कूलरच्या झोतासमोर गिटार भिंतीला टांगून ठेवू नका, वाजवून झाली की केसमध्ये. कारमध्ये तर चुकूनही सोडू नका, बर्डीत अर्ध्या तासाचं काम असलं तरी, उन्हात बंद गाडीत ब्रिजचा गोंद सैल होते. तारांवर कूलरची ओल आणि घाम बसून गंज चढते, म्हणून कोरड्या सुती फडक्यानं रोज पुसा. रियाजाची वेळ मी पहाटेची ठेवली, कूलर बंद, शेजारी झोपलेले, त्यामुळे हळू वाजवावं लागते आणि हळू वाजवलं की उजव्या हाताची प्रत्येक चूक ऐकू येते.

रोज वीस मिनिटं पुरे. दहा मिनिटं नुसती गाडी, कॉर्डशिवाय, हे दोन महिन्यांनंतरही सोडायचं नाही. बाकी दहा मिनिटांत बारा बार. साधारण सहा ते आठ आठवड्यांत गाणं उभं राहते, कोणाचं आधी कोणाचं नंतर.

शेवट कसा करायचा हे कोणी शिकवत नाही आणि मग माणूस गाणं संपलं तरी वाजवतच राहते. शेवटच्या अंतऱ्यात बी-सेव्हनचे दोन बार झाले की ई वर या, एक बार नेहमीसारखा बूम-चिका, मग ते सुरुवातीचे पाच उतरते सूर परत वाजवा, थोडे सावकाश, गाडी स्टेशनात शिरताना होते तसं. शेवटच्या सहाव्या मोकळ्या तारेवर तळवा ब्रिजवरून उचला, पूर्ण ई एकदाच खाली ओढा आणि तारा आपोआप थांबेपर्यंत हात लावू नका. शेवटी कागद वापरायचा असेल तर हा मोकळा ई घुमणार नाही, म्हणून पाच सुरांच्या आधीच्या बूम-चिकाच्या बारमध्ये डाव्या हातानं कागद ओढून काढायचा, मोकळ्या तारांवर बूम चालू ठेवून. चार-पाच वेळा पडेल खाली, मग जमून जाते.